अंडाशयाच्या कर्करोगातील संप्रेरक ग्राही : वऱ्हाडच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
भारतीय स्त्रियांमध्ये स्तन व गर्भाशयमुख यांच्या खालोखाल अंडाशयाचा कर्करोग आढळतो. सन २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या वर्षी देशात सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा रोग झाला. पोट फुगणे, भूक मंदावणे ही लक्षणे अपचनाची समजली जात असल्याने निदान बहुधा उशिरा होते. अशा वेळी गाठीच्या पेशींतून मिळणारी प्रत्येक माहिती मोलाची ठरते. संप्रेरक ग्राहींची तपासणी ही त्यांपैकीच एक होय.

ग्राहींचे स्वरूप :
ग्राही म्हणजे संप्रेरकास ओळखून त्याच्याशी जोडले जाणारे प्रथिन. इस्ट्रोजेन पेशीत शिरून आपल्या ग्राहीशी संयोग पावते आणि हे युग्म केंद्रकातील विशिष्ट जनुकांना कार्यान्वित करते. इस्ट्रोजेन ग्राहीचे अल्फा व बीटा असे दोन प्रकार असून बीटाचा शोध १९९६ मध्ये लागला. प्रोजेस्टेरॉन ग्राहीची निर्मिती इस्ट्रोजेनच्या प्रभावाने होत असल्याने, त्याचे अस्तित्व ही यंत्रणा कार्यरत असल्याचे निदर्शक मानले जाते.

प्रकारभेद व महत्त्व :
अंडाशयाचा कर्करोग हा एकच रोग नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात २,९३३ स्त्रियांच्या गाठी तपासण्यात आल्या. एंडोमेट्रिऑइड प्रकारात दोन्ही ग्राहींचे, तर उच्च श्रेणीच्या सिरस प्रकारात प्रोजेस्टेरॉन ग्राहीचे अस्तित्व अधिक काळ जगण्याशी निगडित आढळले. क्लिअर सेल व म्युसिनस प्रकारांत हे ग्राही क्वचितच दिसतात. निम्न श्रेणीच्या सिरस प्रकारात इस्ट्रोजेन ग्राही बहुधा असतो व केमोथेरपीचा प्रभाव कमी पडतो; म्हणून तेथे लेट्रोझोलसारख्या संप्रेरकविरोधी गोळ्यांना विशेष स्थान आहे. मात्र स्तनाच्या कर्करोगाप्रमाणे केवळ ग्राही आढळला म्हणून उपचार फलदायी होईलच, असे येथे म्हणता येत नाही.

वऱ्हाडातील संदर्भ :
अमरावती व अकोला येथे शस्त्रक्रिया होऊन पुढील उपचारांसाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय वा मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठणारे रुग्ण अनेक असतात. या प्रवासात तपासणीचे यश अगदी साध्या गोष्टींवर अवलंबून असते. काढलेली गाठ विनाविलंब १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवणे आवश्यक असते. अकोल्याच्या उन्हाळ्यात ती तशीच राहिल्यास प्रथिने नष्ट होऊन ग्राही असूनही अहवाल 'नाही' असा येऊ शकतो. तसेच गाठीचा मेणातील ठोकळा, म्हणजेच पॅराफिन ब्लॉक, जपून ठेवल्यास तोच पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासता येतो. केवळ कागदी अहवाल घेऊन बडनेऱ्याहून गाडीत बसणाऱ्या रुग्णास ही सोय राहत नाही.

निष्कर्ष :
ग्राहींची तपासणी हे रामबाण उत्तर नव्हे. परंतु रोगाचा प्रकार निश्चित करण्यास व पर्याय संपत आले असता एखादा सौम्य उपचार सुचविण्यास ती साहाय्यभूत ठरते. ऊतक जतन करण्याची शिस्त व रुग्णाच्या नातेवाइकांना ब्लॉकचे महत्त्व समजावून सांगणे, या दोन्ही गोष्टी जिल्हा पातळीवरही सहज शक्य आहेत.