दारफाळणीचा उपवास

श्रावण लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हटकून येतो : "डॉक्टरसाहेब, सून सोमवार धरते, बाळाला दूध पुरेल ना?" उज्जैनमधील मराठी घरांत व्रते अद्याप निष्ठेने पाळली जातात. अशा वेळी मला मुंबईच्या वसतिगृहातील अलिबागकडचा एक सहाध्यायी आठवतो.

तो बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून या समाजाला शेजारी 'शनिवार तेली' म्हणत. कामा रुग्णालयाच्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजातल्या. उपवासाला हे लोक 'रोजा' म्हणत, पण सणांची नावे अस्सल घरगुती. अव महिन्याच्या नवमीला वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा सण' म्हणत. जेरुसलेमचे पहिले मंदिर इ.स.पू. 586 मध्ये आणि दुसरे इ.स. 70 मध्ये उद्ध्वस्त झाले, त्यांचा हा शोकदिन. जमिनीवर बसायचे, स्नान नाही, चामड्याची पादत्राणे नाहीत. एखाद्या समाजाने एकोणीसशे वर्षांहून अधिक काळ सुतक धरावे, हे मला आजही थक्क करते.

योम किप्पूर मात्र शोकाचा दिवस नव्हे. हा 'दारफाळणीचा सण', म्हणजे दारे लावून घेण्याचा. शुभ्र वस्त्रे, सुमारे पंचवीस तास पाण्याचा थेंबही नाही आणि ईश्वरापुढे पापांची कबुली. पण माणसाचा अपराध केला असेल तर आधी त्या माणसाची समजूत घालावी लागते. नुसत्या उपवासाने तो फिटत नाही.

एका वर्षी या सणाच्या सुमारास आमच्या मित्राला कावीळ झाली. तो उपवासाचा हट्ट धरून बसला. गावाहून आलेल्या त्याच्या आईने स्वतः निर्जळी उपवास असताना त्याला पेज भरवली. प्राण धोक्यात असता न खाणे हेच पाप, असे तिने बजावले. पुढे वाचनात आले की तालमूदच्या मते रोग्याने "मला अन्न हवे" म्हटले तर शंभर वैद्यांनी "नको" म्हटले तरी रोग्याचे ऐकावे. आम्हा डॉक्टरांचा अहंकार उतरवणारा हा नियम! लहान मुलांना तर उपवास नाहीच. जाणत्या वयाच्या उंबरठ्यावर थोडे थोडे तास वाढवत सवय लावतात.

माझ्या आईला मधुमेह होता. ती गोळी घेऊन निर्जळी एकादशी करी. एकदा देवघरातच तिची शुद्ध हरपली. रक्तातील साखर फार उतरली होती. मी नुसताच रागावत आलो होतो. रागावण्याने काय साधणार? त्या रात्री तिला मित्राच्या आईची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या बाईने स्वतः मात्र धरला ना उपवास?"

"ती धडधाकट होती, आई."

पुढच्या एकादशीला तिने पेलाभर दूध घेतले. शेजारी सांगू नकोस, एवढे मात्र बजावले.