विशेष मुलाच्या दत्तकाची प्रतीक्षा : श्रद्धा, समजुती आणि वस्तुस्थिती

भारतात अनाथ, टाकून दिलेल्या किंवा जन्मदात्यांनी स्वेच्छेने सोपवलेल्या बालकांचे दत्तकविधान प्रामुख्याने बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ आणि त्याखालील २०२२ची दत्तक नियमावली यांनुसार होते. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजेच ‘कारा’, या व्यवस्थेची देखरेख करते आणि बाल कल्याण समितीने एखाद्या बालकाला ‘दत्तकमुक्त’, म्हणजे दत्तक देण्यास कायद्याने मोकळे, ठरवल्याशिवाय ते कोणत्याही कुटुंबाकडे जाऊ शकत नाही. या चौकटीत ज्यांना ‘विशेष गरजा असलेली बालके’ म्हटले जाते, त्यांच्यासाठी देवावर भरवसा ठेवून वाट पाहणारी कुटुंबे सर्व धर्मांत आढळतात, आणि त्या प्रतीक्षेच्या काळातच आप्तांच्या सल्ल्यांतून, ऐकीव माहितीतून आणि कधी धर्माच्या अर्धवट आकलनातून अनेक गैरसमज घर करतात.

त्यांपैकी सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा, की विशेष गरजा म्हणजे जन्मभराचे परावलंबन. वास्तविक या एकाच संज्ञेखाली फार वेगवेगळ्या अवस्था येतात : दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने जोडता येतो, जन्मतः आत वळलेले पाऊल टप्प्याटप्प्याने प्लास्टर घालण्याच्या पोन्सेटी पद्धतीने बहुतेक वेळा सरळ होते, हृदयातील काही छिद्रे आपोआप बुजतात तर काही शस्त्रक्रियेने बंद करता येतात. एचआयव्हीबाधित मातेच्या बाळाबाबत तर अहवालच चुकीचा वाचला जाण्याचा संभव असतो, कारण मातेकडून आलेली प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने, बाळाच्या रक्तात सुमारे दीड वर्षापर्यंत राहू शकतात आणि त्या वयाच्या आत केवळ प्रतिपिंडांची चाचणी सकारात्मक आली म्हणून बाळाला संसर्ग झाला आहे असे ठरत नाही; त्यासाठी विषाणूचा थेट शोध घेणारी वेगळी चाचणी करावी लागते. उशिरा चालणे, उशिरा बोलणे अशा विकासातील विलंबाचे एक कारण खुद्द संस्थेतील वास्तव्य हेही असू शकते. रुमानियातील बुखारेस्ट शहरात २०००च्या सुमारास सुरू झालेल्या आणि अनाथालयांतील १३६ बालकांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या अभ्यासात, संस्थेतून कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धीची वाढ आणि जिव्हाळ्याचे नाते जोडण्याची क्षमता संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा सरस आढळली, आणि हा बदल साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांत अधिक ठळक होता.

याच्या उलट टोकाचा समजही तितकाच घातक आहे. प्रार्थना आणि प्रेम पुरेसे असले की सारे बरे होते, असे मानणाऱ्या घरात डाऊन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल आले, तर त्याच्या न बदलणाऱ्या अवस्थेचा दोष कधी मुलाच्या, कधी आईवडिलांच्या श्रद्धेच्या माथी मारला जातो. या अवस्था आयुष्यभराच्या असतात. लवकर सुरू केलेले उपचार, वाचाप्रशिक्षण आणि शिक्षण यांनी मुलाचे सामर्थ्य वाढते, पण मूळ अवस्था नाहीशी होत नाही, हे आधीच स्वीकारलेल्या घरात मूल मोकळेपणाने वाढते.

अपंगत्व हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, म्हणून असे मूल घरी आणणे म्हणजे दुसऱ्याचे भोग ओढवून घेणे, ही समजूत वैद्यकीय कसोटीवर मुळीच टिकत नाही. डाऊन सिंड्रोम एकविसाव्या गुणसूत्राच्या अधिकच्या प्रतीमुळे होतो आणि बहुतांश वेळा ती केवळ योगायोगाने घडलेली घटना असते. सेरेब्रल पाल्सी वाढत्या मेंदूला जन्माच्या आधी, जन्मताना किंवा लगेच नंतर झालेल्या इजेतून उद्भवते. धर्मपरंपरांतही या समजुतीला छेद देणारे प्रवाह आहेत : आठ ठिकाणी वाकलेल्या देहाचा अष्टावक्र जनकाच्या सभेत ज्ञानी म्हणून मानला गेला, आणि योहानाच्या शुभवर्तमानात येशू जन्मांध माणसाच्या अंधत्वाचा संबंध त्याच्या वा त्याच्या आईवडिलांच्या पापाशी जोडण्यास स्पष्ट नकार देतो. जुन्या हिंदू कायद्यात जन्मांध, मूक, बधिर अशांना वारशातून वगळले जाई. १९२८च्या एका अधिनियमाने हे बंधन बरेच सैल केले आणि १९५६च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २८ने रोग, दोष किंवा व्यंग यांच्या आधारे वारसा नाकारण्याची वाट बंद केली. बाल न्याय अधिनियमानुसार दत्तक घेतलेले मूल जणू त्याच आईवडिलांच्या पोटी जन्मले असे मानले जात असल्याने, दिव्यांग दत्तक मुलाचे स्थान घरातील इतर अपत्यांहून कमी नसते.

प्रतीक्षेच्या स्वरूपाबद्दलचा गोंधळ याहून गंभीर आहे, कारण त्याची किंमत मुले मोजतात. निरोगी तान्ह्या बाळासाठी नोंदणी केलेल्या पालकांना तीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते, हे खरे. परंतु त्यावरून विशेष बालकासाठीही तेवढीच रांग असते असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे, कारण तिथे रांगेत बहुधा मूलच असते. २०२४-२५ या वर्षात देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली आणि त्यांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती. तरीही दिव्यांग, पाच वर्षांवरील आणि भावंडे असलेल्या मुलांना परदेशी दत्तकात प्राधान्य देता येईल अशी तरतूद कायद्यालाच करावी लागली आहे. म्हणून ‘देवाच्या मनात असेल तेव्हा मूल येईल’ या भावनेने नोंदणीच लांबवणे, किंवा कोणत्या अवस्थेचे मूल आपण सांभाळू शकतो हा प्रश्न घरात कधीच उघडपणे न बोलणे, याला श्रद्धेचे वाट पाहणे म्हणता येत नाही. जवळचे बालरोगतज्ज्ञ, शीघ्र उपचार केंद्र आणि शाळा शोधून ठेवणे, आजीआजोबांचे मन वळवणे, समाजसेविकेने तयार केलेल्या गृह अभ्यास अहवालात आपल्या मर्यादा प्रामाणिकपणे नोंदवणे, ही त्याच श्रद्धेची कामे आहेत.

या संदर्भात एका छुप्या अपराधभावाचीही दखल घ्यायला हवी. समोर आलेल्या बालकाचा वैद्यकीय अहवाल वाचून नकार दिला, तर देवाने पाठवलेले मूल परतवले असे अनेक भाविक पालकांना वाटते. तो अहवाल आपल्या विश्वासातील डॉक्टरांना दाखवण्याची मुभा नियमावलीने जाणीवपूर्वक दिलेली आहे, आणि विचारपूर्वक दिलेल्या नकाराने बाळाचे जितके नुकसान होते त्याहून कितीतरी अधिक, घरी नेऊन काही महिन्यांनी संस्थेत परत आणण्याने होते.

हिंदूंखेरीज इतर धर्मीयांना दत्तक घेता येत नाही हा समज मात्र आता निराधार आहे. हिंदू दत्तक कायद्याच्या कक्षेबाहेरील ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी कुटुंबांना पूर्वी १८९०च्या कायद्याने केवळ पालकत्व मिळे. २०००च्या बाल न्याय कायद्याने दत्तकाचा मार्ग सर्वांना खुला केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शबनम हाश्मी प्रकरणात त्यावर शिक्कामोर्तब केले. दोन किंवा अधिक अपत्ये असलेल्या दांपत्यांचा विचार केवळ विशेष गरजा असलेल्या किंवा घर मिळण्यास कठीण असलेल्या बालकांसाठी करावा, असे २०२२ची नियमावली सांगते. मर्यादित बालके अपत्यहीनांपर्यंत पोहोचावीत हा तिचा हेतू समजण्यासारखा असला, तरी त्यातून ही बालके म्हणजे उरलेली बालके असा अर्थ काढला जातो, तो या मुलांवर अन्याय करणारा आहे.

‘आमच्या पश्चात काय’ हा प्रश्न मात्र गैरसमज नव्हे, तर रास्त काळजी आहे. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना आपले नाव देणारे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर अशा मुलांनी जायचे कुठे हा प्रश्न सातत्याने मांडत आले आहेत. कुटुंब लाभलेल्या मुलाबाबत याचे उत्तर काही अंशी कायद्यात मिळते : राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज करता येतो, आणि याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते. दत्तक आईवडिलांना हे दोन्ही मार्ग जन्मदात्यांइतक्याच हक्काने खुले आहेत.