माझ्या मापाची सायकल

लग्नाला तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत टेप लावून माझं माप कुणी घेतलं असेल तर ते ब्लाऊज शिवणाऱ्या बाईनं! गेल्या उन्हाळ्यात मात्र समुद्रपूरच्या सायकल मिस्त्रींनी टेप काढला आणि लाजून बायकोच्या हातात दिला. टाचेपासून जांघेपर्यंतचं माप हवं होतं. सायकलचा सांगाडा किती उंच घ्यायचा, ते त्यावरून ठरतं.

बचत गटाच्या कामासाठी मी गिरडच्या बाजूच्या खेड्यांत जाते. डांबरी रस्ता सुटला की पांदण. आमची काळी माती उन्हाळ्यात दगड आणि पावसाळ्यात डिंक! पाणी पिऊन ती फुगते, टायरला चिकटते, मग मडगार्डखाली ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. माझ्या लेडीज सायकलचा चिखल तुराटीनं कोरत मी किती वेळा पांदणीत बसले असेन! (घरात स्कूटर आहे, पण ती ह्यांची. शिवाय अशा चिखलात ती आडवी झाली की उचलणार कोण?)

दोन वर्षांपूर्वी आषाढात मी अशीच अर्ध्या वाटेतून परतले. गटातल्या एकीवर दुबार पेरणीची वेळ आली होती. रजिस्टर आणि बँकेचा फॉर्म माझ्या पिशवीत. ती वाट पाहून थकली आणि सावकाराकडे गेली. ते काही माझ्या मनातून जाईना.

नागपूरला शिकणाऱ्या भाच्यानं मोबाइलवर ‘सायक्लोक्रॉस’च्या शर्यती दाखवल्या. बेल्जियम-हॉलंडकडे ऐन थंडीत चिखलातून सायकली दामटतात. चढ जमला नाही की सायकल खांद्यावर टाकून पळायचं! पुरुषांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली सुरू झाली, बायकांची २००० साली. पन्नास वर्षं उशिरा... असो. माझं लक्ष चाकांवर होतं. टायर अरुंद, मोठ्या स्पर्धांत ३३ मिलिमीटरहून रुंद चालतच नाही. चिमट्यात दोन्ही बाजूंना मोकळी जागा, मडगार्ड नाही. चिखल अडकणार कुठे?

मिस्त्रींना हे पटलं. एका पोरानं टाकून दिलेल्या जाड टायरच्या सायकलीचा सांगाडा त्यांच्याकडे पडला होता, नेमका माझ्या मापाचा. त्यात रिम तीच ठेवून दीड इंची खाचांचे टायर बसवले. बोट घालून पाहिलं, बाजूला ऐसपैस फट! गिअर नको म्हटलं, चिखलात तेच आधी रुसतात. पुढे ४४ दात्यांचं चक्र, मागचं १८चं फ्रीव्हील काढून २२चं घातलं. म्हणजे पायडलचा एक फेरा, चाकाचे बरोब्बर दोन. वेग कमी, पण पाय हलका. आरे ताणून चाक सरळ करायला त्यांनी अख्खी दुपार घेतली. खर्च चार हजारांच्या आत.

खरी चर्चा झाली ती दांडीची. ‘‘बाईमानसानं दांडीची सायकल कायले घेतली वं?’’ शेजारच्या आजींनी विचारलं. आता आजींना कसं सांगू, की दांडी नसेल तर खांद्यावर काय अडकवायचं?

पहिला पाऊस झाला आणि मी सलवार-कमीज घालून निघाले. अंगणातच एकदा आपटले; दांडीवरून पाय टाकायची सवय कुठे होती! पांदणीत मात्र चाक फिरत राहिलं. चिखल चढायचा आणि फटीतून गळायचा. मध्येच मी उगाच मागे वळून पाहिलं, माझीच चाकोरी उमटलेली. नाल्याला पोटरीभर पाणी होतं. पलीकडे एक कास्तकार बैल धरून उभे. त्यांच्यादेखत सायकल खांद्यावर घेतली. जड होती, खोटं कशाला बोलू! पण पार झाले.

पोचले तेव्हा बायका हसतच सुटल्या. मडगार्ड नसल्यानं पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा! तिनंच, त्या सावकाराकडे गेलेलीनं, मला आत नेलं आणि नेसायला आपलं लुगडं दिलं. तिचं देणं अजून फिटलेलं नव्हतं. तेच लुगडं नेसून मी रजिस्टर उघडलं आणि कर्जाचा पहिला ठराव तिच्या नावानं लिहिला.