पन्नास टन, पण कशावर?

आपल्या घरातल्या दाराची चौकट साधारण सात फुटी असते. तिच्याखालून सॅम्सनची पाठसुद्धा गेली नसती. डोक्याचं सोडाच. इंग्लंडमधल्या बेडफर्डशायरात, टॉडिंग्टन मिल्स इथं १८४६ साली जन्मलेला हा घोडा १८५० साली मोजला, तेव्हा सात फूट अडीच इंच भरला. घोड्याची उंची मोजतात ती आयाळ संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापर्यंत. मान आणि डोकं त्याच्याही वर, हिशोबात न धरलेलं. वजन १,५२४ किलो, म्हणजे दोन ऑल्टो गाड्या एका कातड्यात. पुढं त्याचं नाव बदलून मॅमथ ठेवलं, ते बरंच झालं. नोंद असलेल्या घोड्यांत याहून उंच घोडा आजवर झालेला नाही.

इंग्रज लोक ही उंची ‘हँड’मध्ये सांगतात. आपला हात म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत, त्यांचा हँड म्हणजे नुसता आडवा तळवा, चार इंच. सॅम्सन २१.२½ हँड होता असं वाचलं की आपण तो दशांश समजतो आणि फसतो. टिंबानंतरचे ते इंच असतात. २१.३ नंतर २१.४ येत नाही, थेट २२ येतं.

सॅम्सन ज्या जातीचा, तिचं नाव शायर. मराठी कानाला हा शब्द मुशायऱ्यातला वाटतो. पण हे शायर म्हणजे लिंकनशायर, लेस्टरशायर, डर्बीशायर यांच्या शेपटाशी असतं ते, परगणा या अर्थाचं. मध्य इंग्लंडच्या जड, ओल्या, पाय रुतणाऱ्या जमिनीत ही जात घडली. मोठे घोडे पाहिजेत हा तिथल्या राजांचाही हट्ट होता. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीनं कायदाच केला की ठरावीक परगण्यांतल्या गायरानावर १५ हँडपेक्षा बुटका पैदाशीचा घोडा सोडायचा नाही. सतराव्या शतकात पूर्वेकडच्या दलदली आटवायला डच मंडळी आली, त्यांच्याबरोबर त्यांचे काळे घोडेही आले. जातीचा मूळपुरुष म्हणून मात्र नाव घेतात ते लेस्टरशायरमधल्या पॅकिंग्टन गावच्या एका घोड्याचं. १७५५ ते १७७० अशी पंधरा वर्षं तो पैदाशीला होता आणि आंधळा होता. त्याला ओळखतातही ‘पॅकिंग्टनचा आंधळा घोडा’ म्हणूनच. १८७८ साली पैदासकारांची संस्था निघाली, १८८० साली वंशावळीचा पहिला खंड छापला. त्या एका खंडात २,३८१ नर घोड्यांची नोंद होती.

सॅम्सन अपवाद होता. पण सर्वसाधारण शायरही काही कमी नाही. नर सरासरी १७.२ हँडांचा, म्हणजे पाच फूट दहा इंच. तुमची-माझी नजर त्याच्या पाठीवरून पलीकडं जाणार नाही. वजन साडेआठशे ते अकराशे किलो. गुडघ्याखाली खुरांवर लोंबणारे पांढरे झुपके, आणि स्वभाव इतका गरीब की घोडदळातल्या नगारा-घोड्याच्या कामाला अनेकदा हेच घेतात. तिथं स्वाराचे दोन्ही हात नगारा बडवण्यात गुंतलेले असतात, म्हणून लगाम त्याच्या पायांना बांधलेला असतो. स्वाराच्या पायाच्या इशाऱ्यावर चालणारा, कानाशी नगारे वाजत असताना न बुजणारा एक टनाचा प्राणी. मला याचं नवल उंचीपेक्षा जास्त वाटतं.

आता त्या प्रसिद्ध आकड्याकडं येऊ. १९२४ साली लंडनच्या वेम्ब्ली इथल्या साम्राज्य प्रदर्शनात शायरच्या एका जोडीला ओढ मोजणाऱ्या यंत्राला जुंपलं. काटा शेवटच्या खुणेपर्यंत गेला आणि तिथंच थांबला, कारण यंत्रावर त्यापुढं आकडेच नव्हते. मग तज्ज्ञांनी अंदाज बांधला की ही ओढ ५० टन वजन हलवण्याएवढी असावी. तेव्हापासून ‘दोन घोड्यांनी पन्नास टन ओढले’ हे वाक्य पुस्तकापुस्तकांतून फिरतं आहे.

मी असा आकडा ऐकला की आधी विचारतो, वजन कशावर होतं? उत्तरात सगळी गंमत आहे. याच जोडीला पुढं निसरड्या जमिनीवर लावलं तेव्हा आकडा पन्नासाच्या निम्म्याच्याही खाली आला. घोडे तेच, ताकद तीच. खूर धरेनात, एवढंच.

इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मालवाहतूक करणाऱ्यांना हे पाठ होतं, कारण त्यांचं पोट त्यावर होतं. एका घोड्याच्या पाठीवर माल लादला तर अष्टमांश टन, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास. तोच घोडा मातीच्या मऊ रस्त्यावर गाडीला जुंपला तर सहाशे-सव्वासहाशे किलो. खडी दाबून केलेल्या पक्क्या रस्त्यावर दोन टन. लोखंडी रुळांवर आठ टन. नदीतल्या पडावाला दोर बांधून काठानं चालवला तर तीस टन. आणि कालव्याच्या संथ पाण्यात? पन्नास टन.

पुन्हा वाचा. सव्वाशे किलो ते पन्नास टन, म्हणजे चारशेपट. मध्ये घोडा बदललेला नाही, त्याचा चाराही वाढवलेला नाही. बदललं ते फक्त ओझ्याखालचं. वेम्ब्लीच्या जोडीनं काटा अडकवून जो आकडा मिळवला, तो कालव्यावरचा एकटा घोडा टाळ्यांवाचून रोज गाठत होता, ताशी तीनेक किलोमीटर चालत. मुंबईत १८७४ साली ट्राम सुरू झाली तेव्हा कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते. ते काही शायर नव्हते, पण माणसांनी भरलेला डबा एक-दोन घोडे ओढू शकत, ते रुळांच्याच जिवावर.

मग घोड्याची स्वतःची ताकद किती? विहिरीवर पाच एचपीची मोटर बसवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडायला हवा, कारण एच म्हणजे हॉर्स, घोडाच. हे माप जेम्स वॉटनं रूढ केलं, तेही विक्रीसाठी. त्याला वाफेची इंजिनं खपवायची होती आणि गिऱ्हाईक विचारायचं, ‘माझे किती घोडे वाचतील?’ वॉटनं चक्की फिरवणारा घोडा धरला. १२ फूट लांब दांड्याला जुंपलेला, तासाला १४४ फेऱ्या मारणारा, १८० पौंडांची ओढ लावणारा. गुणाकार केला तर मिनिटाला ३२,५७२ येतात. त्यानं सरळ ३३,००० केले. मिनिटाला ३३,००० पौंड एक फूट उचलण्याएवढं काम म्हणजे एक अश्वशक्ती, आजच्या भाषेत ७४६ वॅट. तेवढ्यात छताचे दहा पंखे फिरतात.

आता शायरचा हिशोब करू. ओढकामाचा घोडा दिवसभर टिकेल अशी ओढ त्याच्या वजनाच्या दशांशाएवढी धरतात. एक टनाच्या घोड्याला शंभर किलो. ताशी चार किलोमीटर चालीनं याचे होतात सुमारे १,०९० वॅट, म्हणजे जवळजवळ दीड अश्वशक्ती. घोडा एक आणि अश्वशक्ती दीड, वाचायला विचित्र, पण वॉटच्या चक्कीवर शायर नव्हता. हे झालं दिवसभराचं. काही सेकंदांपुरतं जीव खाऊन ओढलं तर? अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या जत्रेत १९२०च्या दशकात घोड्यांच्या ओढीच्या स्पर्धा झाल्या. त्यांच्या नोंदींवरून दोन शास्त्रज्ञांनी १९९३ साली ‘नेचर’मध्ये हिशोब मांडला आणि उत्तर काढलं १४.९ अश्वशक्ती. १०० सीसीची साधी मोटरसायकल आठच्या आसपास देते. म्हणजे त्या काही क्षणांत एक घोडा जवळजवळ दोन मोटरसायकली.

पण शेती काही क्षणांत होत नाही. नऊ इंची तास धरून एक एकर नांगरायचं तर नांगर अठ्ठावन्न हजार ऐंशी फूट ओढावा लागतो. बरोबर अकरा मैल, १७.७ किलोमीटर, वळणं सोडून. शायरची जोडी हा एकर एका दिवसात उरकायची आणि नांगरामागचा माणूसही तेवढंच चालायचा, ढेकळांतून. त्याचं वजन कुणी कुठल्या खंडात नोंदवलं नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये सगळे मिळून बत्तीस-तेहतीस लाख घोडे होते. १९०१ ते १९१४ या काळात दरसाल पाच हजार शायरची नोंदणी होई. १९१३ साली रॉथ्सचाइल्ड यांच्या ट्रिंगच्या लिलावात चॅम्पियन्स गोलकीपर नावाचा घोडा ४,१०० गिनींना गेला. गिनी म्हणजे २१ शिलिंग, तेव्हा झाले ४,३०५ पौंड. त्या वेळी शेतमजुराला आठवड्याला एक पौंडही पुरता मिळत नव्हता. तो मिळाला असता तरी या घोड्याची किंमत फेडायला त्याला ऐंशी वर्षांहून अधिक राबावं लागलं असतं, न जेवता.

दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटलं. पहिल्या बारा दिवसांत ब्रिटिश लष्करानं आपले २५ हजार घोडे सुमारे १ लाख ६५ हजारांवर नेले. साठ पौंडी गोळे फेकणाऱ्या एकेका तोफेला आठ जड घोडे लागत. युद्ध संपलं तोवर सगळ्या बाजूंचे मिळून ऐंशी लाख घोडे मेल्याचा अंदाज आहे.

शायरला मात्र तोफांनी संपवलं नाही. संपवलं चाऱ्यानं. घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत चारा लागतो. टनभर वजनाला वीस किलो, वर्षाला ७.३ टन. जोडीला साडेचौदा. नांगर चालो वा न चालो, पाऊस असो वा रविवार. ट्रॅक्टर उभा असला की काही खात नाही. शेतकऱ्यानं हा हिशोब कागदावर मांडलाही नसेल, त्याला तो गंजीकडं बघूनच कळला. दुसऱ्या महायुद्धानंतर शायरचे कळपच्या कळप कत्तलखान्यात गेले. ज्या जातीची संख्या दहा लाखांवर सांगितली जाई ती १९६०च्या दशकात काही हजारांवर आली. १९५५ सालच्या वार्षिक प्रदर्शनात शंभरसुद्धा घोडे नव्हते. ब्रिटिश रेल्वेतला डबे सरकवणारा शेवटचा घोडा न्यूमार्केटमध्ये होता. त्याचं नाव चार्ली, तो १९६७ साली निवृत्त झाला. आजही शायर धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे.

वाचवलं ते बरंचसं बिअरवाल्यांनी. पिंपांनी भरलेली गाडी, जवळचा पल्ला, दर दारूगुत्त्यासमोर थांबणं, या कामाला घोडा मोटारीहून महाग पडत नाही असा त्यांचा दावा. खरं कारण जाहिरात असावं, पण त्यानं जात जगली, तेव्हा तक्रार नाही. याच धंद्यानं एकदा घोड्यांना हाकललंही होतं. लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीनं १७८५ साली चक्कीचे घोडे काढून वॉटचं इंजिन बसवलं. ते इंजिन आता सिडनीच्या संग्रहालयात आहे. व्हिटब्रेड आता बिअर बनवत नाही. यॉर्कशायरमधल्या टॅडकॅस्टरच्या सॅम्युएल स्मिथ ब्रुअरीची पिंपं मात्र आसपासच्या दारूगुत्त्यांत अजून करड्या शायरच्या गाडीतून पोचतात.