मिरचीच्या गावातली पिकअप

हिरवी मिरची कुणासाठी थांबत नाही. तोडून गोणीत दाबून भरली की ती आतून तापायला लागते. रात्रभर बांधावर पडून राहिली तर सकाळी तिचा तजेला गेलेला असतो, आणि त्यासोबत भावही. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा सगळा बाजार या घाईवर चालतो. उन्हाळ्यात ठिबक आणि मल्चिंगवर लावलेली मिरची पावसाच्या तोंडावर तोडणीला येते, तेव्हा परप्रांतातले व्यापारी गावात मुक्काम ठोकतात. इथला माल पुढे दूरच्या शहरांत आणि परदेशातही जातो. लांबचा पल्ला मोठे ट्रक मारतात, पण शेतातून त्या ट्रकपर्यंत मिरची आणतात ते पिकअप आणि छोटा हत्ती.

माल बाहेर धाडणं या मुलखाला नवं नाही. भोकरदन म्हणजे सातवाहनांच्या काळचं भोगवर्धन, पैठण-उज्जैन व्यापारी मार्गावरचं नांदतं गाव. मात्र बांधापासून बाजारापर्यंतची वाट अगदी अलीकडेपर्यंत बैलगाडीची आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीची होती. २००५ मध्ये टाटांनी ‘एस’ ही चारचाकी आणली. दोन सिलिंडरचं, सुमारे ७०० सीसीचं डिझेल इंजिन आणि पाऊण टनाची वाहतूक, एवढाच तिचा जीव. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटलं. त्याहून जड कामाला सव्वा ते पावणेदोन टन ओढणारी पिकअप आहे.

या आकाराला मोल आहे. अर्ध्या एकरातून एका तोड्याला निघणाऱ्या गोण्यांसाठी कुणी एकटा ट्रक लावू शकत नाही. पिकअपमध्ये तीन-चार घरांचा माल बसतो आणि भाडं वाटून जातं. शिवाय गावात भाव पडला तर सिल्लोड, भोकरदन किंवा जालना गाठता येतं. ज्याच्याजवळ वाहन नाही त्याला समोरचा देईल तो भाव घ्यावा लागतो. म्हणून गावातली भाड्याची गाडी हे लहान शेतकऱ्याचं बळ आहे.

हा धंदा सुरू करायला शोरूमच्या आधी कागद समजून घ्यावेत. मोटार वाहन कायद्यानुसार एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती त्यात बसतो, पिकअपची मोठी मॉडेलं बसत नाहीत. तेव्हा आरसीवरचं वजन पाहूनच मॉडेल ठरवावं. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोच्या आतलं मालवाहू वाहन चालवता येतं, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं. पिवळी पाटी, विमा आणि पीयूसी लागतेच. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावं लागतं.

भांडवलासाठी मुद्रा कर्ज आहे. पात्र असणाऱ्यांना अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परताव्याची योजनाही आहे. हप्ते वेळेवर भरले की त्यातलं व्याज परत मिळतं. पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांना ज्या नेत्याने संघटित केलं, त्याच्या नावाच्या महामंडळातून आज खेड्यातल्या तरुणाच्या दारात मालवाहू गाडी उभी राहते, ही मला फार योग्य गोष्ट वाटते.

आता हिशेब. समजा ८ लाखांचं कर्ज, ५ वर्षांची मुदत आणि ११ टक्के व्याज. महिन्याचा हप्ता साधारण १७,४०० रुपये बसतो. महिन्यात वीस दिवस गाडी चालली तर रोजचे ८७० रुपये नुसत्या हप्त्याचे, डिझेल, टायर आणि ड्रायव्हर वेगळे. मिरचीच्या हंगामात हे पैसे सहज निघतात, पण मिरची बारा महिने नसते आणि हप्ता मात्र बारा महिने असतो. गाड्या अडचणीत येतात त्या इथेच.

याचं उत्तर परतीच्या भाड्यात आहे. भोकरदनहून जालना साठेक किलोमीटर. जालना म्हणजे बियाण्यांचं आणि लोखंडी सळईचं शहर. जाताना शेतमाल आणि येताना बियाणं, खत, सळई किंवा सिमेंट मिळालं, तर तेच डिझेल दोनदा कमावतं. मिरचीनंतर मका, सोयाबीन, मग जिनिंगकडे जाणारा कापूस, असं वर्षाचं पत्रक गाडी घेण्याआधी मांडावं. कृषी सेवा केंद्र आणि बांधकाम साहित्याच्या दुकानदाराशी आधीच बोलून ठेवावं.

एक मोह मात्र आवरायलाच हवा. क्षमतेपेक्षा जास्त भरल्यास कायद्याने २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत. त्याहून मोठी किंमत पाटे, ब्रेक आणि माणसं मोजतात. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीत भरलेली गाडी रुतली की मालासकट दिवस जातो. म्हणून पाणंद रस्त्याचं खडीकरण हीसुद्धा या धंद्याची गुंतवणूक आहे, आणि ती ग्रामपंचायतीकडे हक्काने मागितली पाहिजे.

गावात भाड्याच्या गाड्या वाढल्या की भाडी उतरतात, ही ड्रायव्हरांची तक्रार खरी आहे. पण शेतकऱ्याचा विश्वास भाड्याच्या दोन-पाच रुपयांवर ठरत नाही. सांगितलेल्या वेळी बांधावर येणारी, काट्याची पावती आणि विक्रीची रक्कम चोख आणून देणारी गाडी तो पुढच्या तोड्यालाही बोलावतो. नव्या माणसाने आधी हे नाव कमवावं. दुसरी गाडी त्या नावावर घेता येते.