सहा कामट्यांची काठी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतले हौशी मासेमार ज्या महागड्या काठ्या मिरवत, त्यांचा बांबू कलकत्त्याहून बोटीने जायचा. तिकडे त्याचं नावच ‘कलकत्ता केन’ पडलं होतं. वनस्पतिशास्त्रात हा डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ज्याला मानवेल म्हणतात, तोच हा चिवट बांबू. पोलिसांच्या लाठ्या याच्याच. पण मासेमारीच्या काठीच्या दृष्टीने त्याच्यात दोन खोडी होत्या. गाठी जवळजवळ असायच्या, आणि येणाऱ्या मालावर भाजल्याचे काळे डाग असायचे. डागाखालचा धागा जळका निघाला की तेवढी कामटी बाद. पुढे चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला टोंकिन बांबू बाजारात आला, आणि विसावं शतक सुरू झाल्यावर थोड्याच काळात कलकत्त्याचा माल मागे पडला.

टोंकिन बांबूची पेरं लांब, भिंत जाड आणि धागे दाट. ग्वांगडाँगमधल्या हुआइजी परिसरातल्या डोंगरउतारांवर त्याची लागवड होते. कॅन्टनच्या लिंगनान विद्यापीठात काम करणाऱ्या फ्लॉइड मॅक्लूर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, म्हणजे कारागीर तो वर्षानुवर्षं वापरत असताना शास्त्राच्या दप्तरी त्याची नीट नोंदही नव्हती. आजही हाताने फ्लाय रॉड बनवणारे बहुतेक लोक हाच बांबू मागवतात. बारा फुटी वेळू, घेर मनगटाएवढा, आणि एका वेळूतून एक काठी सहज निघते.

आता फ्लाय रॉड ही काठी वेगळी का, ते सांगायला हवं. नेहमीच्या गळाला शिसं बांधलेलं असतं. ते शिसं फेकलं की त्याच्यामागे दोरी जाते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन जवळजवळ नसतंच. इथे वजन असतं ते दोरीलाच. पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट सुमारे १४० ग्रेन, म्हणजे नऊएक ग्रॅम भरतात. काठी मागे नेली की दोरी हवेत मागे उलगडते आणि तिच्या ओढीने काठी वाकते. पुढे झटका दिला की ती सरळ होताना दोरीला पुढे ढकलते. म्हणजे ही काठी मुळात एक स्प्रिंग आहे. कुठे किती वाकायचं हे तिच्या जाडीच्या उतारावर, टेपरवर, ठरतं. काठी बनवणाऱ्याची सगळी अक्कल या टेपरमध्ये असते. बाकी सगळा साज.

बांबूचे मजबूत धागे सालीलगत दाटीने असतात आणि आत गाभ्याकडे विरळ होत जातात. काठी वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण पडतो तोही बाहेरच्या थरावर. अख्खा बांबू वापरला तर टोकाकडे हवी तेवढी बारीक काठी मिळत नाही, आणि तो रंधून बारीक करावा तर सालच निघून जाते. यावरचा तोडगा असा: बांबू चिरून सहा कामट्या काढायच्या, प्रत्येक कामटी समभुज त्रिकोणाच्या आकारात रंधायची, आणि साल बाहेर ठेवून सहाही एकत्र चिकटवायच्या. मिळते ती षटकोनी भरीव काठी. तिच्या सहाही अंगांवर बांबूचा सर्वांत चांगला भाग असतो.

अमेरिकेत या पद्धतीचं श्रेय बहुधा पेन्सिल्वेनियातल्या ईस्टन गावच्या सॅम्युएल फिलिपी या बंदूक कारागिराला दिलं जातं. तो व्हायोलिनही बनवायचा. हे १८४० च्या दशकातलं. पण धंदा उभा केला तो मेन राज्यातल्या बँगोरच्या हायरम लेनर्डने. कामट्यांना कोन देणारं यंत्र त्याने बनवलं आणि ते कुलूपबंद खोलीत ठेवलं. त्याच्याकडे शिकून बाहेर पडलेल्यांनी पुढे आपापले कारखाने काढले. या लोकांनी उत्तम काठ्या बनवल्या यात वाद नाही, पण टेपरचे आकडे आणि यंत्रांची रचना त्यांनी घराण्याच्या चिजेसारखी दडवून ठेवली. ग्राहकाला काठी मिळायची, विद्या नाही.

ही कोंडी फोडणाऱ्यांत एव्हरेट गॅरिसनचं नाव आधी घ्यावं लागेल. हा पेशाने इंजिनिअर. न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्समध्ये जॉर्ज पार्कर होल्डन नावाचे डॉक्टर राहत. त्यांनी १९२० मध्ये बांबूच्या काठ्यांवर एक पुस्तक लिहिलं होतं. त्यांच्या संगतीत गॅरिसनला हा नाद लागला. त्याने काठीकडे एका बाजूने घट्ट धरलेली तुळई म्हणून पाहिलं. दर पाच इंचांवर दोरीचं, बांबूचं, वार्निशचं, जोडाच्या धातूचं वजन किती, त्याने तिथे किती ताण येतो, आणि तो पेलायला जाडी किती हवी, हे त्याने गणिताने काढलं. कॉम्प्युटर नव्हता, सगळं हाताने. लेनर्डच्या काळात हातांच्या अंदाजावर चालणारी गोष्ट त्याने कागदावर आणली. १९७५ मध्ये तो गेला तेव्हा पुस्तक अर्धवट होतं. ते पुरं केलं होगी कारमायकेल या त्याच्या शिष्याने, म्हणजे ‘स्टारडस्ट’ या गाण्याच्या संगीतकाराच्या त्याच नावाच्या मुलाने. १९७७ मध्ये ते पुस्तक आलं आणि गराजमध्ये, तळघरात, घरामागच्या शेडमध्ये काठ्या बनवणारी एक पिढीच तयार झाली.

वेळ विचित्र होती. १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टोंकिन बांबू मिळत नव्हता. त्या वीस वर्षांत फायबरग्लासने बाजार काबीज केला. बंदी उठते न उठते तोच, १९७३ मध्ये, फेनविक कंपनीची ग्रॅफाइटची काठी आली. हलकी, लांब फेकणारी. धंदा म्हणून बांबूचं काही खरं उरलं नव्हतं. हौस म्हणून मात्र तो नेमका त्याच सुमारास वर आला.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात वेळू फोडण्यापासून होते. वेळू सुकताना मनाला येईल तिथे तडकू नये म्हणून आधीच त्याला एका बाजूने लांबलचक चीर देऊन ठेवतात. मग तो करवतीने कापत नाहीत, सुरीने फोडतात. करवत सरळ जाते, धागा सरळ असेलच असं नाही. फोडलेली कामटी धाग्याच्या वाटेने निघते. बुरूडकाम पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. दोन तुकड्यांची काठी आणि एक जास्तीचं टोक धरलं तर अठरा कामट्या लागतात. गाठी आतून तासून, बाहेरून कानशीने घासून, गरम करून सपाट आणि सरळ करायच्या. चिकटवताना शेजारशेजारच्या दोन कामट्यांच्या गाठी एकाच उंचीवर येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर काठी तिथेच मोडेल. कामट्यांवर त्यांचे क्रमांक घालून ठेवणं हे कंटाळवाणं काम आहे. ते टाळणारा पुढे तासभर कामट्या जुळवत बसतो.

त्यानंतर भट्टी. ढोबळ रंधलेल्या कामट्या बांधून साधारण १७५ ते १९० अंश सेल्सिअसला काही मिनिटं भाजतात. ओल जाते, बांबूचा ताठपणा वाढतो. जास्त भाजला तर तो ठिसूळ होतो. पावसाळ्यात भाजलेली कामटी हवेतली ओल परत ओढते, त्यामुळे भाजणं आणि चिकटवणं यांत फार दिवस जाऊ देऊ नयेत.

आता रंधा. या कामाचं हृदय म्हणजे ‘प्लॅनिंग फॉर्म’ नावाचं साधन: सहाएक फूट लांबीच्या दोन पोलादी पट्ट्या शेजारी शेजारी, त्यांच्या कडांमध्ये मिळून ६० अंशांची खाच, आणि दर पाच इंचांवर स्क्रू. स्क्रू फिरवून पट्ट्या जवळ-दूर केल्या की खाच उथळ किंवा खोल होते. गॅरिसनचे पाच इंच इथे पुन्हा भेटतात: गणिताचा प्रत्येक आकडा एका स्क्रूवर उतरतो. खाचेत कामटी ठेवायची आणि पट्टीशी सपाट होईपर्यंत रंधायची. खोली मोजायला टोकदार डायल गेज लागतं. खोली काठीच्या जाडीच्या निम्मी ठेवायची, कारण समोरासमोरच्या दोन त्रिकोणांची उंची मिळून काठीची जाडी होते. नवखा माणूस हमखास फसतो तो इथे: पूर्ण जाडीचा आकडा लावतो आणि दुप्पट जाड काठी घेऊन बसतो.

चूक किती चालते? काठीच्या टोकाची जाडी, समजा, ०.०६० इंच आहे. प्रत्येक कामटीत एक हजारांश इंच जास्त राहिला तर जाडी ०.०६२ होते. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे सव्वातीन टक्के जाडी वाढली आणि टोक सुमारे चौदा टक्क्यांनी ताठ झालं. तीच चूक मुठीजवळ, जिथे जाडी ०.३०० इंच आहे तिथे झाली, तर ताठपणा तीन टक्केही वाढत नाही. म्हणून पहिल्यांदा मुठीकडचा भाग रंधावा आणि हात बसला की मगच टोकाला हात घालावा. माणसाचा केस साधारण तीन हजारांश इंच जाड असतो, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे पुरे.

सालीच्या बाजूला रंधा लावायचा नाही, कधीच नाही. वरचा चकचकीत पापुद्रा हलकेच खरवडून काढतात, एवढंच. रंधायचं ते गाभ्याच्या दोन बाजूंना, आणि आळीपाळीने: एका बाजूला जितके हात, तितकेच दुसऱ्या बाजूला. एकाच बाजूला जास्त गेलं की ६० अंशांचा कोन ढळतो, आणि सहा कामट्या जुळवल्यावर आत फट राहते. कोन तपासायला लेथवर आटे पाडणारे जे सेंटर गेज वापरतात तेच चालतं, तेही ६० अंशांचंच असतं. गाठीवर धागे उपटून येत असतील तर दोष बांबूचा नसतो. पातं बोथट झालेलं असतं, किंवा रंधा फार खोल लावलेला असतो. पात्याला धार लावायला वेळ जातो म्हणून लोक चालढकल करतात. मला वाटतं, वाया गेलेल्या कामट्यांतल्या निम्म्या तरी या आळसाच्या खाती मांडाव्यात. शेवटचे दोन-तीन हजारांश तर रंध्याऐवजी स्क्रेपरने काढलेले बरे.

चिकटवण्याचं काम घाईचं असतं. पूर्वी सरस वापरत. ओल लागली की तो सुटायचा. आता इपॉक्सी किंवा तत्सम कृत्रिम गोंद असतात. सहा कामट्या साल खाली करून चिकटपट्टीवर मांडायच्या, आतून गोंद लावायचा, गुंडाळी करायची आणि सुती दोऱ्याने घट्ट आवळायची. दोरा एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून; एकाच दिशेने आवळला तर काठीला पीळ बसतो. गोंद ओला असेपर्यंत काठी सपाट काचेवर लाटून, डोळ्यासमोर धरून सरळ करायची. वाळल्यावर तोच वाक काढायला उष्णता द्यावी लागते.

पुढचं सगळं थोडक्यात. दोन तुकड्यांचा जोड निकेल-सिल्व्हरचा, त्याची नर-मादी लेथवर बेताने बसवलेली. उघडताना तो पिळायचा नाही, सरळ ओढायचा. दोरी जाण्याच्या कड्या काठीच्या फुटांपेक्षा एखादी जास्त, म्हणजे सात फुटीला आठ. त्यांच्या जागा पुस्तकातल्या कोष्टकावरून लावल्या तरी दोरी ओवून, काठी वाकवून पाहावी: दोरी बांबूला टेकत असेल तर कडी सरकवायची. रेशमी दोऱ्याचे वेढे, बुचाची मूठ, मग वार्निश. वार्निशसाठी उभी नळी भरून काठी त्यातून हळूहळू वर काढतात. धूळ नसलेली जागा मिळणं हे आपल्याकडे सर्वांत अवघड. रंगीत दोरे आणि नक्षीदार लाकडी रीळ-बैठकी विकत घेण्यात पैसे घालवणारे बरेच असतात. त्या पैशात दुसरं चांगलं पातं आणि धार लावायचा दगड येतो.

ज्याला रंधायचं नाही त्याच्यासाठी तयार ग्रॅफाइटची नळी मिळते. तिच्यावर कड्या, मूठ आणि बैठक बसवली की सवडीनुसार काही संध्याकाळींत काठी तयार. त्यात कमीपणा काही नाही, दोऱ्याचे वेढे घालायचा सराव इथेच करावा. पण तिचा टेपर कारखान्याने ठरवलेला असतो. सहा कामट्यांच्या काठीचा टेपर तुमचा, आणि तिला ४० तासांच्या खाली क्वचितच वेळ लागतो. फेकण्याच्या लांबीत ती ग्रॅफाइटपुढे हरते. लहान ओढ्यावर, वीस-तीस फुटांच्या अंतरात, तिच्या हळू उलगडण्याला तोड नाही. हिमाचलच्या तीर्थनसारख्या ट्राउटच्या नदीवर मुद्दाम ती न्यावी असं मला वाटतं.

आणि मानवेल? टोंकिन सरसच आहे. पण सुरी आणि रंधा यांचा सराव करायला मागवलेला महाग बांबू फोडण्यात अर्थ नाही. गाठी जास्तीत जास्त दूर असलेला, बिनडागी, नीट सुकलेला वेळू एखाद्या बुरुडाकडून निवडून घ्यावा आणि पहिल्या दोन-चार कामट्या त्याच्याच काढाव्यात; शक्य तर त्याच बुरुडाला समोर बसवून फोडायला शिकावं. खरी पहिली काठी सात फुटी, दोन तुकड्यांची, चार किंवा पाच नंबरच्या दोरीची असू द्या. टेपर एखाद्या जाणत्याचा, छापलेला, जसाच्या तसा उतरवा. त्यात करायच्या सुधारणा दुसऱ्या काठीसाठी ठेवा.