जर्मनीत बिऱ्हाड शोधताना

आमच्या युनियनमधील एका फिटरचा मुलगा जर्मनीस शिकावयास निघाला. खोलीची सगळी अनामत आगाऊ मागितली गेली. बापाने फंडातून उचल घेतली. अर्ज आम्हीच लिहून दिला. खोली नव्हतीच!

तेथला कायदा आम्ही मागाहून वाचला. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापलीकडे घेता येत नाही, आणि तीही तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूस हक्क आहे. पहिला हप्ता बिऱ्हाड सुरू होताना. मूळ भाडे, म्हणजे त्यांच्या बोलीत ‘थंड भाडे’, नुसत्या जागेचे. घर तापविण्याचा व पाण्याचा खर्च मिळवून होते ते ‘उबदार’. जाहिरातीतला आकडा कोणता, हे आधी विचारावे.

श्टुडिरेंडनवेर्क या संस्थांची वसतिगृहे स्वस्त, पण प्रतीक्षायादी लांब. प्रवेशाचे कळताच अर्ज टाकावा. आमच्या फिटरच्या मुलाला दुसऱ्या सत्रात तेथेच खोली मिळाली. उचलीचे हप्ते बाप अजून फेडतो आहे.